१२१ पट : हान्स आयसेंक यांच्या प्रकाशन-यादीचं प्रकरण

संशोधन-लेख कसा वाचायचा हे शिकवताना पहिल्या तासाला मी लेखकाचं नाव झाकते आणि फळ्यावर दोनच आकडे लिहिते. एका विशिष्ट स्वभावाच्या लोकांपैकी ३८.५ टक्के कर्करोगाने गेले. तो स्वभाव नसलेल्यांपैकी ०.३ टक्के. लेखकांच्या हिशेबाने हा धोका १२१ पट. (टक्केवारी जवळच्या दशांशात आणलेली असल्यामुळे साधा भागाकार केला तर उत्तर थोडं वेगळं येतं.) मग विचारते, आता पुढे काय शोधाल? वर्गातून हमखास कुणीतरी म्हणतं, ‘मॅडम, यात काहीतरी चुकलंय.’

नुकतंच संख्याशास्त्र शिकू लागलेल्या मुलीला जे मिनिटभरात खटकतं, ते मान्यवर नियतकालिकांतून वर्षानुवर्षं छापून येत राहिलं. त्याची अधिकृत चौकशी व्हायला २०१९ उजाडलं. मनोकायिक वैद्यक, म्हणजे मन आणि शरीराच्या आजारांचं नातं तपासणारी शाखा, मला जवळची आहे. तिच्यात खरं आणि मोलाचं पुष्कळ आहे. म्हणूनच हे प्रकरण मला स्वस्थ बसू देत नाही आणि ते सविस्तर मांडायचं ठरवलं.

यादीचा मालक

मानसशास्त्रज्ञ हान्स युर्गेन आयसेंक यांचा जन्म १९१६ मध्ये बर्लिनमध्ये झाला. नाझी सत्तेवर आल्यानंतर, १९३४ मध्ये, त्यांनी जर्मनी सोडली आणि पुढे ते लंडनला स्थायिक झाले. युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सिरिल बर्ट यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. मॉड्स्ली रुग्णालयाशी जोडलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकायट्रीत त्यांनी मानसशास्त्राचा विभाग उभा केला, १९५५ मध्ये ते प्राध्यापक झाले आणि १९८३ मध्ये निवृत्त झाले. १९९७ मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा हयात मानसशास्त्रज्ञांमध्ये नियतकालिकांत सर्वाधिक उद्धृत होणारं नाव त्यांचं होतं. सुमारे ८० पुस्तकं आणि हजाराच्या आसपास लेख. इतकं एका माणसाने लिहिलं यावर विश्वास बसू नये, अशी ही यादी.

या यादीत भक्कम कामही आहे, हे आधी सांगायला हवं. बहिर्मुखता आणि मज्जाविकृतिप्रवणता (म्हणजे चटकन चिंतेत किंवा अस्वस्थतेत जाण्याची प्रवृत्ती) या दोन अक्षांवर स्वभाव मोजण्याची त्यांची मांडणी आजच्या व्यक्तिमत्त्व-चाचण्यांच्या पायात आहे. ब्रिटनमध्ये वर्तनोपचार, म्हणजे सवयी आणि वागणूक बदलून मनाचे त्रास कमी करण्याची पद्धत, रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा. १९५२ चा त्यांचा एक लेख तर मी अजूनही वाचायला देते. मानसोपचाराने मज्जाविकृतीचे, म्हणजे सततची चिंता, भीती अशा त्रासांचे, रुग्ण बरे होतात असं सगळे मानत होते. आयसेंक यांनी विचारलं, उपचार न घेतलेल्यांपैकी किती जण बरे होतात? त्यांच्या हिशेबात तेही दोन-तृतीयांशच निघाले. तो हिशेब पुढे अनेकांनी खोडून काढला, पण प्रश्न बिनतोड होता. तुलनेचा गट दाखवा, आकडे दाखवा, नाहीतर दावा करू नका.

१९५२ चा हा माणूस समोर ठेवूनच पुढचं वाचायला हवं.

सिगारेट की स्वभाव?

१९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचं नातं दाखवलं. त्यावर एक आडवा युक्तिवाद निघाला : काही माणसांची मूळ घडणच अशी असेल की त्यांना सिगारेटही हवीशी वाटते आणि कर्करोगही होतो. मग दोष सिगारेटचा कसा? संख्याशास्त्रातले दिग्गज रोनाल्ड फिशर याच बाजूचे होते, आणि ते तंबाखू उत्पादकांच्या समितीचे मानधन घेणारे सल्लागारही होते.

आयसेंक या वाटेने आले. ग्लासगोचे छातीविकारतज्ज्ञ डेव्हिड किसन यांच्याबरोबर त्यांनी १९६२ मध्ये जर्नल ऑफ सायकोसोमॅटिक रिसर्चमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पुरुष रुग्णांच्या व्यक्तिमत्त्वावर लेख लिहिला. भावना बाहेर पडू न देणारी माणसं रुग्णांमध्ये जास्त दिसतात, अशी त्याची दिशा. १९६५ मध्ये याच विषयावर त्यांचं पुस्तक आलं. इथवर हा वादाचा विषय होता आणि विज्ञानात तो असायला हरकत नाही. शंका घेणं हे त्यांचं कामच होतं.

प्रकरण वळलं ते रोनाल्ड ग्रोसार्थ-माटिचेक यांच्या साथीनंतर. या संशोधकाने १९६० च्या दशकाच्या मध्यात युगोस्लाव्हियातल्या क्रवेन्का या गावात पाहणी सुरू केली होती. दर दुसऱ्या घरातली सर्वांत वयस्क व्यक्ती निवडायची, तिची प्रश्नावली भरायची आणि दहा वर्षांनी कोण कशाने गेलं ते पाहायचं, अशी ती रचना. लोक १,३५३. त्यानंतर पश्चिम जर्मनीत हायडेलबर्गला अशाच पाहण्या झाल्या. १९८० च्या दशकात आयसेंक या सामग्रीचे सहलेखक आणि सर्वांत मोठे पुरस्कर्ते झाले. तोवर ते सेवानिवृत्त होते, आणि माहिती गोळा करण्याचं काम त्यांच्या देखरेखीखाली झालेलं नव्हतं.

या लेखांमध्ये माणसांचे चार मुख्य प्रकार केले होते. पहिला, कर्करोगप्रवण : जिव्हाळ्याचं माणूस किंवा ध्येय हातातून निसटलं तरी त्यालाच धरून बसणारा, हताश, भावना गिळणारा. दुसरा, हृदयविकारप्रवण : जे त्रास देतं त्यापासून सुटका करून घेता न येणारा, सतत धुमसणारा. तिसरा या दोघांमध्ये हेलकावे खाणारा. चौथा, स्वतःच्या पायावर उभा असलेला, निरोगी. निष्कर्ष असे की पहिल्या प्रकारच्यांना कर्करोगाने मरण येण्याचा धोका वर सांगितल्याप्रमाणे १२१ पट, आणि दुसऱ्या प्रकारच्यांना हृदयविकाराने मरण येण्याचा २७ पट. सिगारेटचा वाटा याच्यापुढे किरकोळ ठरत होता.

दावा एवढ्यावर थांबला नाही. स्वभाव बदलला तर आजारही टळतो, असंही त्यांनी लिहिलं. कर्करोगप्रवण ठरवलेल्या १०० माणसांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. पन्नासांना स्वावलंबनाचं शिक्षण देणारा वर्तनोपचार, पन्नासांना काही नाही. तेरा वर्षांनी उपचार न मिळालेल्यांपैकी १६ जण कर्करोगाने गेलेले, १५ इतर कारणांनी, १९ हयात. उपचार मिळालेल्यांपैकी कर्करोगाने गेलेला एकही नाही, इतर कारणांनी ५, हयात ४५.

आणि शेवटी ते पत्रक. आजारप्रवण ठरवलेल्या १,२०० जणांपैकी ६०० जणांना, स्वतःचे निर्णय स्वतः कसे घ्यावेत आणि आयुष्याची सूत्रं हाती कशी घ्यावीत, हे सांगणारं छापील पत्रक दिलं. तेरा वर्षांनंतर पत्रक न मिळालेल्यांमध्ये मृत्यू ८२ टक्के, मिळालेल्यांमध्ये ३२ टक्के.

हे आकडे सावकाश वाचा

या टप्प्यावर वर्गात मी घाई करत नाही.

फुफ्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट हे साथरोगशास्त्रातल्या सर्वांत ठोस नात्यांपैकी एक. तिथे धूम्रपान करणाऱ्याचा धोका न करणाऱ्याच्या साधारण १५ ते ३० पट भरतो. तेही एका अवयवाचा एक कर्करोग, आणि कारण थेट त्या अवयवात रोज जाणारा धूर. क्रवेन्का-हायडेलबर्गच्या लेखांत कर्करोग कुठल्याही अवयवाचा चालतो. जठर, स्तन, आतडं, रक्त, प्रत्येकाची वाट वेगळी, कारणं वेगळी, वय वेगळं. या सगळ्यांच्या मुळाशी एकच स्वभाव, आणि तोही एका मुलाखतीत ओळखता येतो, असं मान्य केलं तरच १२१ चा आकडा उभा राहतो.

आता पत्रक. तुलनेसाठी १९९४ ची स्कँडिनेव्हियातली सिम्व्हास्टॅटिन चाचणी घेऊ. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांचा काळ तिने खऱ्या अर्थाने सुरू केला. हृदयविकाराचे ४,४४४ रुग्ण, सरासरी ५.४ वर्षं पाठपुरावा. नकली गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू १२ टक्के, औषध घेणाऱ्यांमध्ये ८. म्हणजे शंभरांमागे चार जीव वाचले, आणि त्या चारांमुळे जगभरच्या डॉक्टरांची औषधं लिहिण्याची पद्धत बदलली. पत्रकाने शंभरांमागे पन्नास वाचवले असा दावा आहे. दोघांना कागद द्या, एकाचा जीव वाचेल. काळ वेगळा, माणसं वेगळी, हे सोडून दिलं तरी फरकाचं प्रमाण पाहा. हे खरं असतं तर आयसेंक यांनी लेख लिहिण्याऐवजी सरकारच्या दारात धरणं धरायला हवं होतं. कुठल्याही देशाच्या आरोग्यखात्याने दुसऱ्या दिवसापासून घरोघर पत्रकं वाटायला हवी होती. कुणीही वाटली नाहीत. म्हणजे मनातून कुणाचाच त्यावर विश्वास नव्हता, आणि तरीही लेख छापले जात होते. मला या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

मग छापण्याआधी लेख तपासणाऱ्या परीक्षकाने विचारायचे प्रश्न सुचू लागतात. प्रकार ठरवणाऱ्या माणसाला उत्तर देणाऱ्याचा आजार आधीच ठाऊक होता का? मृत्यूचं कारण कुणी ठरवलं, दाखल्यावरून की शेजाऱ्यांकडून? तेरा वर्षांत किती माणसं गाव सोडून गेली, आणि ती कुठल्या रकान्यात धरली? चिठ्ठ्या कुणी टाकल्या? मूळ प्रश्नावल्या कुठे आहेत आणि त्या तिऱ्हाईताने पाहिल्या आहेत का? यातला एकही प्रश्न अवघड नाही. १९५२ च्या आयसेंक यांनी हे सगळे स्वतःच विचारले असते.

यादी कशी फुगते

इथे प्रकाशन-यादीचा भाग येतो, आणि माझ्या मते प्रकरणाचा गाभाही इथेच आहे.

एकच मूळ सामग्री, पण लेख अनेक. एकात धूम्रपान आणि स्वभाव यांचा परस्परसंबंध, दुसऱ्यात तोच संबंध हृदयविकारासाठी, तिसऱ्यात उपचाराचा पूर्वार्ध, चौथ्यात उत्तरार्ध. प्रत्येक लेख आधीच्यांचा हवाला देतो. नवा वाचक संदर्भांची लांबलचक रांग पाहतो आणि त्याला वाटतं, इतक्या अभ्यासांत हे सिद्ध झालंय. प्रत्यक्षात सगळ्या वाटा फिरून क्रवेन्का आणि हायडेलबर्गच्या त्याच कपाटांपाशी येतात. दुसऱ्या कुणी, दुसऱ्या गावात, दुसऱ्या माणसांवर तेवढेच प्रचंड आकडे काढून दाखवलेले नाहीत.

लेख कुठे आले तेही पाहण्यासारखं आहे. १९८८ चा धूम्रपान आणि व्यक्तिमत्त्वाचा लेख पर्सनॅलिटी अँड इंडिव्हिज्युअल डिफरन्सेसमध्ये आला. १९९१ मधले वर्तनोपचाराचे दोन भाग बिहेवियर रिसर्च अँड थेरपीमध्ये. ही दोन्ही नियतकालिकं आयसेंक यांनीच स्थापन केलेली, पहिलं १९८० मध्ये, दुसरं १९६३ मध्ये. संस्थापकाने आपल्या नियतकालिकात लिहिणं गुन्हा नाही, अनेक जण लिहितात. पण तिथल्या परीक्षकासमोर लेख येतो तेव्हा त्यावर कुणाचं नाव आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ज्यांच्या कामामुळे आपली विद्याशाखा उभी राहिली, त्यांना ‘मूळ कागद दाखवा’ म्हणायला जीभ सहज उचलत नाही. हे मी कल्पनेने लिहीत नाही. ज्येष्ठांचे लेख तपासायला आले की माझाही हात अडखळतो. एकदा एका लेखातल्या तक्त्याची बेरीज जुळत नव्हती, आणि ते लिहिण्याआधी मी तीन वेळा गणित केलं. नवख्याचा लेख असता तर एकदाच केलं असतं.

ज्यांनी सांगितलं ते

कुणी बोललंच नाही असं नव्हतं. १९९१ मध्ये सायकॉलॉजिकल इन्क्वायरी या नियतकालिकाने आयसेंक यांचा मुख्य लेख आणि त्यावर इतर तज्ज्ञांच्या प्रतिक्रिया एकत्र छापल्या. त्यांत कठोर टीका होती. डच मानसशास्त्रज्ञ हेंक व्हान डर प्लूख यांनी पूर्वी ग्रोसार्थ-माटिचेक यांच्याबरोबर काम केलं होतं. सामग्रीचा काही भाग तपासून त्यांनी त्यातल्या विसंगतींवर लिहिलं. आतल्या माणसाने केलेली ही तपासणी होती, म्हणून तिचं वजन जास्त.

१९९२ मध्ये अँथनी पेलोसी आणि लुई ॲपलबी या दोन मनोविकारतज्ज्ञांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या सगळ्या मालिकेचं विश्लेषण केलं. आकडे अविश्वसनीय आहेत, पद्धतीचं वर्णन अपुरं आणि लेखागणिक बदलणारं आहे, मूळ नोंदी स्वतंत्रपणे तपासल्या पाहिजेत, असा त्यांचा सूर होता. आयसेंक यांनी त्याच वर्षी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं आणि टीकाकारांनीच चुका केल्या आहेत असं म्हटलं.

आणि मग काहीच झालं नाही.

दोन्ही बाजू छापून झाल्या की वाद संपला, अशी नियतकालिकांची समजूत असते. मतांच्या वादात ते ठीक. इथे प्रश्न मताचा नव्हता, कपाटातल्या कागदांचा होता, आणि कपाट उघडायची जबाबदारी कुणाचीच ठरलेली नव्हती. विद्यापीठ म्हणू शकत होतं, ते निवृत्त झालेत. नियतकालिक म्हणू शकत होतं, आम्ही छापतो, चौकशी आमचं काम नाही. जर्मनीत गोळा केलेली माहिती, लंडनमधला सहलेखक, प्रकाशन तिसरीकडे. प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा होती. तोवर हजारो विद्यार्थी ती उद्धरणं आपल्या प्रबंधात उतरवत राहिले.

पैसा

१९९६ मध्ये लंडनच्या इंडिपेंडंट या वृत्तपत्राने बातमी दिली की आयसेंक यांच्या संशोधनाला अमेरिकन तंबाखू उद्योगाच्या एका गुप्त निधीतून आठ लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली होती. हा निधी उद्योगाचे वकील चालवत होते. पैसा कुणाचा याने आपल्याला फरक पडत नाही, संशोधन चोख असलं की झालं, अशी आयसेंक यांची भूमिका होती.

पैशाने आकडे बनवले असं सिद्ध झालेलं नाही आणि मी तसं म्हणणार नाही. पण पैशाने कुठले प्रश्न जिवंत ठेवले, हे स्पष्ट दिसतं. मार्क पेटिक्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखू कंपन्यांची न्यायालयीन खटल्यांमुळे खुली झालेली कागदपत्रं चाळली. ताणाच्या संकल्पनेचे जनक मानले जाणारे हान्स सेल्ये यांनाही उद्योगाचा पैसा होता, असं त्यांनी २०११ मध्ये दाखवलं. ‘टाइप ए’ (सतत घाईत, स्पर्धेत असणारा) स्वभाव आणि हृदयविकार या संशोधनाला फिलिप मॉरिसने कसं पोसलं, ते त्यांनी २०१२ मध्ये मांडलं. रोगाचं कारण माणसाच्या मनात आहे असं ठरलं, तर सिगारेटच्या पाकिटाकडे कुणी बघत नाही. मनोकायिक वैद्यकातल्या आम्हा लोकांना हा इतिहास अभ्यासक्रमात शिकवला जात नाही. शिकवायला हवा.

२०१९

फेब्रुवारी २०१९ मध्ये पेलोसी यांनी जर्नल ऑफ हेल्थ सायकॉलॉजीत पुन्हा सविस्तर लेख लिहिला. पहिल्या लेखाला सत्तावीस वर्षं झाली होती. तोच माणूस, तेच आकडे, तीच मागणी. संपादक डेव्हिड मार्क्स यांनी सोबत किंग्ज कॉलेज लंडनला उघड पत्र लिहिलं. आयसेंक यांची जुनी संस्था, इन्स्टिट्यूट ऑफ सायकायट्री, १९९७ मध्ये या महाविद्यालयात विलीन झाली होती, म्हणून उत्तरदायित्व त्यांच्याकडे आलं.

या वेळी चौकशी झाली. समितीने आयसेंक आणि ग्रोसार्थ-माटिचेक यांनी मिळून लिहिलेले, प्रत्यक्ष सामग्रीवर आधारलेले लेख तपासले आणि त्यातले २६ ‘असुरक्षित’ ठरवले. म्हणजे त्यांच्यावर विसंबता येणार नाही. निष्कर्ष आजच्या वैद्यकीय ज्ञानाशी आणि रोगप्रक्रियांच्या समजुतीशी जुळत नाहीत, असं कारण दिलं. अहवाल मे महिन्यातला, तो लोकांपुढे ऑक्टोबरमध्ये आला.

‘असुरक्षित’ हा शब्द नेमका वाचायला हवा. समितीने फसवणूक झाली असा निवाडा दिलेला नाही. आयसेंक हयात नव्हते आणि त्यांना बाजू मांडता येत नव्हती. म्हणून खोटेपणाचा आरोप मी इथे करत नाही आणि वर्गातही करू देत नाही. सामग्री कशी तयार झाली आणि त्यात कुणाचा किती हात होता, हे ठरवायला जे कागद लागतात ते माझ्यासमोर नाहीत.

समितीने आयसेंक यांचे एकट्याचे लेख आणि पुस्तकं बाजूला ठेवली, हे मात्र मला पटलेलं नाही. त्याच सामग्रीवर त्यांनी एकट्याने लिहिलं असेल, तर ते सुरक्षित कसं? संपादक मार्क्स यांनी, आणि आयसेंक यांचे चरित्रकार रॉडरिक ब्युकॅनन यांनी, हाच आक्षेप घेतला आणि आणखी ६१ प्रकाशनांची यादी पुढे ठेवली. २०२० मध्ये १४ लेख मागे घेतले गेले आणि ६० हून अधिक लेखांवर ‘या लेखाबद्दल शंका आहे’ अशी अधिकृत सूचना लागली. काही सूचना तर अर्धशतकापूर्वीच्या लेखांवर आहेत.

मग खरं काय?

वर्गात इथे कुणीतरी विचारतंच, ‘म्हणजे मनाचा शरीराशी काही संबंध नाही?’ तसं म्हणणं ही दुसरी चूक होईल.

कर्करोगाबद्दलचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. २०१० मध्ये स्वीडन आणि फिनलंडमधल्या ५९,५४८ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आयसेंक यांच्याच दोन अक्षांवर स्वभाव मोजलेला, आणि कर्करोगाची नोंद राष्ट्रीय नोंदवह्यांतून घेतलेली. बहिर्मुखता असो वा मज्जाविकृतिप्रवणता, कर्करोग होण्याशी त्यांचा संबंध दिसला नाही. २०१४ मध्ये ४२,८४३ जणांच्या एकत्रित विश्लेषणातही स्वभाव आणि कर्करोगाचं नातं आढळलं नाही. १२१ पट धोका असता, तर इतक्या माणसांमध्ये तो लपून राहिला नसता.

हृदयाची गोष्ट वेगळी. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात, २००४ मध्ये, मानसिक-सामाजिक ताण हा हृदयविकाराच्या झटक्याच्या महत्त्वाच्या घटकांपैकी एक निघाला. झटक्यानंतर नैराश्य आलेल्यांचं पुढचं आयुष्य अधिक बिकट असतं, हेही अनेकदा दिसलंय. पण उपचाराने जीव वाचतो का? अमेरिकेतल्या एन्रिच्ड चाचणीत झटका येऊन गेलेले आणि नैराश्य किंवा एकटेपणा असलेले २,४८१ रुग्ण होते. २००३ चा निकाल सांगतो की बोधात्मक वर्तनोपचाराने (विचार आणि वागणूक दोन्हींवर काम करणाऱ्या उपचाराने) नैराश्य कमी झालं, मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके मात्र कमी झाले नाहीत. माझ्या दृष्टीने हा निकाल वाया गेलेला नाही. नैराश्य कमी होणं ही स्वतःच मोठी गोष्ट आहे. उपचाराला किंमत यावी म्हणून त्याने आयुष्यही वाढवलंच पाहिजे, ही अट आपण का घालतो?

कर्करोगप्रवण स्वभावाच्या कल्पनेचं खरं ओझं रुग्णांनी वाहिलं. ‘सगळं मनात ठेवत गेले, म्हणून मला हे झालं’ हे वाक्य मी रुग्णांच्या तोंडून ऐकलंय. नातेवाइकांच्या तोंडूनही ऐकलंय, आणि ते जास्त लागतं. जिला आधीच इतकं सोसायचं आहे, तिच्या माथी आजाराचा दोषही मारायचा. एका बाईंनी मला विचारलं होतं, आता रडले तर कमी होईल का? त्यांना काय उत्तर दिलं ते आठवत नाही. त्यांचा चेहरा आठवतो.

म्हणून तास संपताना मी आणखी एका संशोधकाची यादी दाखवते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं की शरीरभर पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ८६ स्त्रियांपैकी ज्यांना वर्षभर गट-उपचार मिळाला, त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या. बाकीच्या १८.९ महिने. जवळजवळ दुप्पट. बातमी जगभर गेली, आधारगट निघाले. मग इतरांनी पडताळणी केली. २००१ मध्ये कॅनडातल्या २३५ स्त्रियांच्या चाचणीत आयुष्य वाढलं नाही, मात्र मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव कमी झाली. स्पीगल यांनी स्वतःही १२५ स्त्रियांवर नवी चाचणी घेतली. २००७ मध्ये तिचा निकाल आला : एकूण गटाचं आयुष्य वाढलेलं नाही. एका विशिष्ट प्रकारची गाठ असलेल्या स्त्रियांमध्ये फरक दिसला, पण तो उपगटातला, स्वतंत्र चाचणीने तपासावा लागणारा.

हा निकाल कॅन्सर या नियतकालिकात त्यांच्याच नावाने छापलेला आहे. त्यांच्या यादीत १९८९ चा लेख आहे, आणि अठरा वर्षांनंतरचा हा लेखही आहे. मी मुलांना दोन्ही छापून देते, आणि आधी दुसरा वाचायला सांगते.